साडेआठ किलो

काट्यावर ठेवली तर साडेआठ भरते, पेटी सोडून.
पेटीत पाच हजार गोळ्या, प्लॅस्टिकच्या, पांढऱ्या,
न भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या.
पहिल्याच दिवशी सांडल्या, मी वाकून वेचायला लागलो,
तर कुडाळचा खानोलकर म्हणाला,
"अहो, आज चतुर्थी का?"

लांबून बघाल तर थेट रणांगणातली.
नळीवरचं कवच स्टेनलेसच्या पाइपाचं,
त्याची एकशे आठ भोकं मी पाडली
शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये,
शिफ्ट सुटल्यावर, रात्री साडेनऊ ते बारा.
गुलझरीनशेठ म्हणाला, मशीन माझं, कूलंट तुझं.
धड ॲल्युमिनियमच्या पट्टीतून कोरलं.
दस्ता मात्र लाकडी.
खाडीवर एक जुनं गलबत मोडत होते,
त्याची फळी पंचवीस दिरहमला मिळाली.
तीनदा पॉलिश मारलं तरी
गाल टेकवून नेम धरला
की मुशीच्या तेलाचा वास येतो.

आणि आत?
आत मुठीत मावेल एवढी मोटर,
तीन दातेरी चाकं, एक स्प्रिंग, एक बॅटरी.
एवढ्या बडेजावाच्या पोटात
शिलाई मशीन बरं.

कोल्हापुरात, उद्यमनगरात,
अण्णांनी जन्मभर ऑइल इंजिनाचे सुटे भाग केले.
त्यांना फोटो पाठवला.
दोन दिवस काही नाही.
मग एक ओळ: "तिसरी रांग अर्धा मिली सरकलीय."
व्हर्नियर लावून पाहिलं.
सरकली होती.

शनिवारी संध्याकाळी हमरियाच्या रस्त्यावर
पत्र्याचं कुंपण घातलेलं मैदान.
दारात गोळीचा वेग मोजतात,
तोंडाला नारिंगी टोपण आहे का बघतात,
मग लॉकर सतरा उघडून माझीच वस्तू मला देतात.
घरी नेता येत नाही. कागदावर माझी,
रात्री मुक्काम त्यांच्याकडे.

रोडेल आमचा कप्तान. एरवी दातांच्या दवाखान्यात
लोकांच्या तोंडात नळी धरून उभा असतो.
मी नेम धरून धरून मारत होतो, तर म्हणाला,
"तुला कुणाला मारायचं नाहीये.
या पिंपांमागे पडून राहा, आवाज करत राहा.
त्यांची मान वर येता कामा नये.
तेवढ्यात आम्ही पुढे सरकतो."

हे मला शिकवावं लागलं नाही.
बारा वर्षं एका जागी पडून
दर एक तारखेला, एक्स्चेंजच्या खिडकीतून
एक फैर झाडतोय.
तेवढ्यात धाकटा इंजिनिअर झाला,
अक्काचं घर झालं,
आणि वृषालीनं एकटीनं
पोरीचे सगळे दात येताना आणि पडताना पाहिले.

या खेळात पंच नसतो म्हटलं तरी चालेल.
ज्याला लागतं त्यानंच हात वर करून सांगायचं.
कुणी बघितलं नसलं तरी.
मी मराठीत ओरडतो, "लागलं!"
आता रोडेलही तसंच ओरडतो,
फक्त त्याचा ळ आणि ल यांच्या मधेच कुठेतरी पडतो.

मार्चमध्ये करार संपतोय.
सुटी करून सामानातून नेऊ का, विचारलं,
तर खानोलकर म्हणाला, "नको हो,
कोल्हापूर गाठायच्या आधी ठाणं गाठाल."
ठाणं म्हणजे पोलिसांचं.
दस्ता तेवढा नेईन. लाकडाला कोण अडवतंय?
सागवान बहुतेक आपल्याच किनाऱ्याचं,
परतीचं भाडं माझ्याकडून.

बाकीची रोडेलला.
किंमत विचारत होता, मी म्हटलं, पाठ सांभाळ.
अण्णांना फोनवर सांगितलं, देऊन टाकतोय.
पलीकडे जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाले, "अशी देऊ नको."

काल नवा पाइप आणलाय,
कूलंटचा डबा आणलाय.
साडेनऊ वाजलेत.
पहिल्या दोन रांगा पाडून झाल्या,
तिसरीसाठी चष्मा पुसतोय.